कोरडी बाटली

येरळेच्या खोऱ्यातला पर्जन्यमापक सांभाळणारे ते गृहस्थ रोज सकाळी मला फोनवर पाऊस कळवतात. आधी "नमस्कार सायेब", मग घसा खाकरणं, मग आकडा. एल निनोच्या त्या वर्षी महिनाभर आकडा एकच होता, शून्य.

एकदा सांगलीहून मी तिथं गेलो. जमिनीला भेगा पडल्या होत्या. तरी त्यांनी मापकाचं झाकण काढलं, आतली कोरडी बाटली मोजपात्रात उपडी केली आणि थेंबाची वाट पाहत थांबले.

मी म्हणालो, "तिकडं एल निनोनं समुद्र तापलाय, इथं ढगसुद्धा नाही. रोज उघडता कशाला?"

"आवं सायेब, तापला आसंल. पन न बघता लिवल्यालं शून्य खोटं आसतंय."

ऑफिसातल्या वहीत पुढच्या अख्ख्या आठवड्याची शून्यं मी आधीच लिहून ठेवली होती.