आमच्या टीमचे पंखे अन् कूलर

बेसबॉल सुटून लई वर्षं झाली, पण पुंडलिकनगरच्या आमच्या टीममधले चौघं क्रांती चौकात चहाला भेटले की किस्से निघतातच. जिंकलेल्या मॅचचे थोडे, बॅट फिरवून हुकलेल्यांचे जास्त. तेव्हा पोट धरून हसायचो. आता हसता हसता वाईट वाटतं.

*

हुकणाऱ्याला आमच्यात नाव पडायचं. हळू फिरवली तर 'पंखा', जोरात फिरवली तर 'कूलर'!

एकदा आमचे कोच देशपांडे सर स्वतः बॅट घेऊन उभे राहिले. बॉलवरची नजर हलवायची नाही, असं बजावलं आणि ओळीनं तीनदा हुकले. बॉल टाकणारा आमचा पिचर इर्शाद शांतपणे म्हणाला, "सर, नजर तो बराबर थी."

सरांनी पुन्हा आमच्यासमोर बॅट धरली नाही. तरुणपणी चांगले खेळायचे म्हणे. आम्ही कधी विचारलंच नाही.

*

आमच्या टीममधल्या विजय जोशीला बघायला मुलीकडचे लोक न सांगताच ग्राउंडवर आले. तेवढ्यात विजय बॅट घेऊन निघाला आणि बेंचवरून कुणीतरी ओरडलं, "पंखा आला रे!" पाहुण्यांनी कारण विचारलं. इर्शादनं सगळं रंगवून सांगितलं.

लग्न झालं. बायको अजून त्याला पंखाच म्हणते. तो हसतो, पण आमच्याकडं बघत नाही.

*

सोपान पाचोडचा. पक्का कूलर! लागला तर बॉल कंपाउंडबाहेर, पण लागायचाच कमी. राज्याच्या टीममध्ये निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा होती. वय सरत आलेलं, म्हणजे हीच शेवटची संधी.

बेसबॉलमध्ये तिसऱ्यांदा हुकलं की आउट. पण पहिला बेस रिकामा असेल आणि मागं बसलेल्या कॅचरच्या हातून बॉल सुटला, तर बॉल पोचायच्या आत पळत पहिला बेस गाठून वाचता येतं. आमची खोड अशी, की कॅचरनं बॉल नीट धरला तरी हुकणाऱ्याच्या नावानं "पळ, पळ!" करून बोंबलायचं. सोपान दर वेळी हसत परत यायचा.

निवडीची मॅच. दोघं आउट झालेले, पहिला बेस रिकामा, तिसऱ्यावर इर्शाद, जिंकायला एकच रन हवा. सोपान तिसऱ्यांदा हुकला आणि बॉल कॅचरच्या पायांतून पार मागच्या जाळीपर्यंत गेला. आम्ही उभे राहून घसा फाडून ओरडलो, "पळ, सोपान, पळ!" सरसुद्धा ओरडले.

सोपान हसला. बॅट काखेत मारून सावकाश आमच्याकडं चालत आला. मागं कॅचरनं बॉल आणून पहिल्या बेसवर फेकला. सोपान तिसरा आउट, म्हणून इर्शादनं पळून काढलेला रनही धरला नाही. निवड करणारे खुर्च्यांवरून उठले.

बेंचवर बसून बूट सोडता सोडता सोपाननं आमच्या तोंडांकडं पाहिलं.

"आज खरंच पळायचं होतं व्हय?"