रजा लांबवलेली पोरं

हवालदार दत्ताराम पलटणीतून निवृत्त होऊन शारजाला आला, अल मजाजच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झाला, पण क्वार्टर गार्ड काही त्याच्या तोंडून सुटलं नाही. क्वार्टर गार्ड म्हणजे पलटणीतली कोठडी. तिची किल्ली याच्याकडे असायची. चार माणसं जमली की सुरू, "आमच्याकडे चोर नव्हते हो! रजा लांबवलेली पोरं. कुणाची आई आजारी, कुणाचं नवं लग्न. ओव्हरस्टे म्हणायचो आम्ही. आत घेताना पट्टा काढून घ्यायचा, सोडताना मी स्वतः कमरेला बांधायचो. आणि सिव्हिल जेल? बदमाशांचा बाजार!"

बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मग त्याच्याच पोराच्या, सत्यजितच्या व्हॅनखाली येऊन एक माणूस गेला. गाडी चालवताना आपण फोन बघत होतो, हे पोरानं स्वतःच कबूल केलं. जेलची शिक्षा झाली. दत्तारामनं शेजारच्या रफिकला सांगितलं, "गावाला गेलाय."

जेलवर भेटीला त्याची बायको गिरिजा एकटीच जायची. "तुमचीच वाट बघतो हो तो," ती नवऱ्याला रडून सांगायची. हा जागचा हलायचा नाही. पोटचं पोर त्या बाजारात, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. वाईट याचं वाटतं, की बापाला पोरापेक्षा स्वतःच्या शब्दाची जास्त पडली होती.

एकदा गिरिजा तापानं अंथरुणाला खिळली. म्हणाली, "आज कुणीच गेलं नाही, तर त्याला वाटेल आईनंही टाकलं." तेव्हा कुठे दत्ताराम उठला.

जेलच्या दारात झडती घेताना शिपाई म्हणाला, "हबीबी, बेल्ट." जन्मभर दुसऱ्यांचे पट्टे काढून घेतलेला माणूस एका हातानं पँट सावरत आत गेला.

काचेपलीकडे सत्यजित बसला होता. वाळला होता. दत्तारामनं फोन कानाला लावला आणि विचारलं, "आत... माणसं कसली आहेत?"

"चांगली आहेत, बाबा. बाजूचा पेशावरचा आहे. आईच्या औषधपाण्यासाठी व्हिसा संपला तरी काम करत राहिला. केरळवाल्याचंही सेम. माझ्या रूममध्ये बहुतेक सगळे ओव्हरस्टेच आहेत. माणूस मारलेला मी एकटाच."

दत्तारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसत तो म्हणाला, "सुटशील तेव्हा दारात मी असेन. पट्टा मीच बांधीन."

संध्याकाळी लिफ्टमध्ये रफिक भेटला. "दत्ताभाऊ, सत्यजित कधी येतोय गावाहून?"

"गावाला नाही रे," दत्ताराम म्हणाला. "जेलमध्ये आहे. त्याच्या हातून माणूस गेला. आज भेटून आलो."