सगळे शेतातच मेले

उर्वशी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. गावातली पहिली शिकलेली लेक म्हणून तिचं कौतुक पुष्कळ झालं, पण तिला ध्यास एकाच गोष्टीचा होता. वाघाने मारलेल्या माणसांच्या नोंदींत काही सारखेपणा सापडतो का, ते तिला बघायचं होतं. माहेर जंगलाला लागून, आणि आई कमळाबाई अजून मोहफुलं वेचायला जायची.

नोंदी थोड्या, त्यातही आकडे नाहीतच. कुठे मेला, शेतात की जंगलात? एकटा की सोबतीने? उभा की वाकलेला? असल्या उत्तरांची सरासरी काय काढणार, कपाळ! म्हणून तिने दोन-दोन नोंदी शेजारी ठेवून किती उत्तरं जुळतात ते पाहिलं आणि जास्त जुळणाऱ्यांचे संगणकावर गट पाडले. एकच गट भलताच फुगला: शेतात, एकटा, वाकलेला. इतक्या कमी नोंदींत एखादीनेही गट फिरू शकतो, म्हणून तिने एकेक नोंद बाजूला काढून पुन्हा पाहिलं. गट जागचा हलला नाही. बाई हरखली, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

वनखात्यात पहाऱ्याचं बघणाऱ्या साहेबांना तिने हे पटवून दिलं. पहारेकरी मोजकेच, तेव्हा मोहाच्या वाटेवरचे उचलून शेतांच्या बांधांवर, धुऱ्यांवर आणले गेले.

मोह गळू लागला आणि धाकट्या भावाचा, अजयचा फोन आला. आईला वाघाने नेलं होतं.

ती पोचली तेव्हा आई घरच्या शेताच्या धुऱ्यावर होती, लुगड्याने झाकलेली. उन्हाळ्यातलं उजाड शेत. तिथे तिचं काय काम? आणि ओच्यात तर मोहफुलं होती.

"मायले इथी कोनं आनलं?"

"आमीच," अजय हळूच बोलला. "जंगलात झालं म्हनलं तं सरकारची मदत नाई भेटत म्हन्तेत. सारेच असंच करतेत, बाई. तुले मालूम नाई?"

तिला मालूम नव्हतं. एखादंच खोटं असतं तर कदाचित पकडलं गेलं असतं. इथे सगळ्यांनी एकच खोटं सांगितलेलं, मग गट हलणार कसा? तिच्याच हुशारीने आईच्या वाटेवरचा पहारा उठला होता. तिला स्वतःची किळस आली. आईच्या पायाला हात लावायचं धाडस होईना.

पंचनाम्याला तेच साहेब आले. "मॅडम, शेतातच ना?"

अजयने तिचं मनगट दाबून धरलं.

"नाही," ती म्हणाली. "मोहाखाली. बाकीचेही बहुतेक तिकडेच मेलेत. पहारा तिकडे न्या."

अजयने मनगट सोडलं आणि तो तिच्यापासून लांब जाऊन उभा राहिला. गेल्या वर्षी वाघाच्या तोंडी नवरा गमावलेली शेजारीण सुकरी घोळक्यातून पुढे आली.

"बाई, आमचंबी सांगून टाकलं न तुनं," ती म्हणाली. "त्या मदतीवरच लेकरं पोसून राह्यली व मी."

उर्वशीला तिच्याकडे बघवेना. साहेबांनी लिहायला घेतलं होतं.