नानांचं शीर्षासन आणि माझा एक कागद

मे महिन्यातला दुसरा सोमवार, सकाळी पावणेसहा. जागा: जळगाव, आमच्या कॉलनीतली गच्ची. हजर: मी, योगासनं शिकवणारी. नाना, भुसावळहून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. त्यांच्या पत्नी अक्का, गुडघ्यांमुळे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून नुसतं बघणाऱ्या. कापड दुकानवाले शेठजी. शाळेतल्या बाई. गैरहजर: कोणी नाही.

हजेरी मी रोज लिहिते, आणि हजेरीखाली त्या दिवशी काय काय केलं तेही. त्या दिवशीची नोंद शीर्षासनाशी थांबली आहे.

आमचा वर्ग जोराचा होता. सूर्यनमस्कार भरभर, एका मोजणीवर, मागे उडी मारून. मोजणी नानांची, कारण आवाज खणखणीत. मध्ये कुणी थांबलं की बाकीचे टोमणे मारत आणि मी म्हणत असे, "नानांकडे बघा." शेवटी नाना डोक्यावर उभे राहायचे, तीनशे मोजेपर्यंत. सत्तरीचा माणूस, पाय सरळ आकाशात.

"नाना उलटे उभे राहतात," शेठजी पोट सावरत म्हणायचे, "आमची सरळ उभं राहायची मारामार."

त्या सोमवारी नाना खाली उतरले, बाटली उचलली, जिन्याकडे गेले आणि अक्कांना अडखळून चार पायऱ्या खाली पडले. उजवं मनगट मोडलं. आम्ही धावलो. अक्का जागच्या हलल्या नव्हत्या.

"मी रोज आठेच बठस," त्या म्हणाल्या. "आज दिखनू नही का?"

"ऊन आलं डोळ्यांवर," नाना म्हणाले. जिन्यात तेव्हा ऊन पोचलेलं नव्हतं. अक्का त्यांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि डोळे दाखवून घ्या म्हणाले. डोळ्यांच्या दवाखान्यात अक्कांनी मलाही सोबत नेलं. तपासणीला तासभर लागला. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्या कडा जायला लागलेल्या.

"व्यायाम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं: रोज शीर्षासन, पाच मिनिटं, तीन वर्षं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजार त्यानंच झाला असं मी म्हणणार नाही. पण काचबिंदू असताना डोकं खाली करायचं नाही. तेवढा वेळ डोळ्यातला दाब वाढतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची आहे. हे यांना कुणी सांगितलं नाही?" मग नानांकडे वळून, "थेंब घालता का कुठले?"

"घालतो," नाना म्हणाले.

अक्कांनी मान वळवली. "कसाना थेंब?"

मग बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी धुळ्याला जाऊन डोळे दाखवले होते. मुद्दाम धुळ्याला, कारण जळगावात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. थेंबांची बाटली ते जुन्या ड्यूटीच्या पेटीत ठेवत आणि अक्का देवपूजेला बसल्या की डोळ्यात घालत. धुळ्याच्या डॉक्टरांना त्यांनी शीर्षासनाचं सांगितलं नव्हतं, आणि मला डोळ्यांचं.

रिक्षात ते माझ्याशी बोलले, अक्कांशी नाही. "ताई, इंजिनवर डोळ्यांची तपासणी असायची. नापास झाला की माणूस खाली. माझ्या बरोबरीचा एक असाच उतरला. रिटायर होईपर्यंत ऑफिसात कागद पोचवत होता. डोळ्यांचं कुणाला सांगायचं नसतं."

"पण आता इंजिन कुठे आहे, नाना?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. किती रस्ता दिसत होता कोण जाणे.

घरी आल्यावर मी फाइल काढली. गेल्या वर्षी मी सगळ्यांची माहिती भरून घेतली होती. नाव, वय, आजार. एक कागद, एक पेन, पॅडला लावून गच्चीवर फिरवला. पहिला नंबर शेठजींचा. आजाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "काही नाही." त्याखाली बाकी दोघांनी 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक रेघा मारल्या होत्या. नानांच्या रेघा जास्त ठळक. मी रकाने भरलेत का ते पाहिलं आणि कागद फाइलला लावला.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं सामान सांभाळते. तिथे प्रत्येक बाटलीला वेगळी चिठ्ठी आहे, आम्ल आणि स्पिरिट मी कधी एका फळीवर ठेवत नाही. आणि माणसांना मात्र चारचौघांत, एकाच कागदावर, एकमेकांच्या खाली आजार लिहायला लावला. शेठजींच्या "काही नाही"खाली कोण काचबिंदू लिहील?

पुढच्या आठवड्यात मी घरोघरी गेले. प्रत्येकासाठी वेगळा कागद. शेठजींनी बायकोला चहाला आत पाठवलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की छातीत स्प्रिंग बसवलेली आहे.

"आणि तुम्ही माझ्याबरोबर उड्या मारत होतात?"

"सगळे मारत होते, ताई. मी एकटा कसा थांबू?"

शाळेतल्या बाईंच्या मणक्यातली गादी सरकलेली निघाली. पुढे वाकलं की पायात मुंग्या येत. मुंग्या अंगात लवचिकपणा नसल्यामुळे येतात असं त्यांना वाटत होतं. ते वाटायलाही मीच कारण. "आणखी खाली, आणखी खाली," मी म्हणत होते.

दोघांना त्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. त्यानंतर वर्ग बदलला. मोजणी बंद. ज्याच्या त्याच्या श्वासावर. शेठजींना उडी नाही, श्वास रोखणं नाही. पोट आड येतं म्हणून पायांत अंतर ठेवून हात खुर्चीवर. बाईंना पुढे वाकणं नाही, गुडघे दुमडून पाठीवर. पहिल्या दिवशी गच्चीवर दोन खुर्च्या बघून शेठजी म्हणाले, "हा वर्ग आहे का दवाखान्याची रांग?" पण बसले. मोजणीशिवाय गच्ची फार शांत वाटते. आवडावी अशी शांतता नाही ती.

नाना येत नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा त्यांनी भुसावळच्या उन्हाच्या गोष्टी सांगितल्या आणि कागद पिशवीतून बाहेर निघालाच नाही. दुसऱ्या वेळी अक्का फाटकापर्यंत आल्या.

"प्लास्टर निंघनं तशे शीर्षासन परत चालू व्हयनं," त्या म्हणाल्या. "दार लाईसन करस. मी बोलनू ते म्हने, ताईच सांगस, बठ्ठास्मा नाना पक्का."

सगळ्यांत नाना पक्के, हे मी म्हटलं होतं. एकदा नाही, रोज.

नानांचा कागद तयार आहे. काचबिंदू, दोन्ही डोळे. शीर्षासन नाही, सर्वांगासन नाही, डोकं खाली जाईल असं काहीच नाही. खुर्चीवर बसून हातपाय मोकळे करणं, साधा श्वास, संध्याकाळी अक्कांबरोबर चालणं. खाली त्यांना स्वतःच्या हातानं लिहायला जागा मोकळी ठेवली आहे. कागदावर नसलेलं एक वाक्य मला तोंडानं सांगायचं आहे: तुमचं कौतुक करताना मी चुकले.

आज वर्गाआधी गेले. आतल्या खोलीचं दार बंद होतं. खिडकीतून मोजणी ऐकू येत होती, तीच खणखणीत. एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस. दार वाजवलं तर दचकून पडतील, म्हणून थांबले. तीनशेला मोजणी संपली. मग पाय जमिनीला टेकल्याचा आवाज आला. तेव्हा वाजवायला हवं होतं. सहा वाजत आले होते, गच्चीवर दोघं थांबली होती. मी वळले.

आजच्या कामांच्या यादीत पहिलं हेच होतं. कालच्याही. कागद पिशवीत आहे.