जुन्या फायलीतलं निमंत्रण

शाहूपुरीतल्या ज्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायला जायचो, तिथल्या अक्षरजुळणीच्या बाई कायम वरच्या पट्टीत बोलायच्या. कॉम्प्युटर अडला की त्यालाही दटावायच्या, "चल की बाबा, झोपलास व्हय?"

नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर जुन्या फायलींतलं मराठी वाचताच येईना. मालक म्हणाले, "टाकून द्या." बाईंनी सुट्टीत येऊन, बरीच खटपट करून, बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर जुनी सिस्टीम बसवली. गरज पडली की त्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करायच्या.

एकदा आजऱ्याहून एक गृहस्थ आले. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका इथंच छापली होती. धाकटीलाही तोच मजकूर हवा होता, कारण तो त्यांच्या वडिलांनी लिहिला होता. वडील आता नव्हते.

बाईंनी डिस्क जोडली. पडद्यावर 'सप्रेम जय भीम' उमटलं आणि खाली निमंत्रक म्हणून वडिलांचं नाव. गृहस्थ बघतच राहिले.

"ताई, आता निमंत्रक मी. बाबांच्या नावाआधी कालकथित घालावं लागंल."

"व्हय," बाई म्हणाल्या. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी फायलीची वेगळी प्रत काढली आणि तो शब्द त्या प्रतीत घातला.

गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, "मूळ फायलीतच का नाही बदल केला?"

"त्यात त्यांचं वडील अजून सगळ्यास्नी लग्नाला बोलवाल्यात की," बाई म्हणाल्या. "तिथं कशाला हात लावू?"