पानांचा ढीग

शोभनाताईंना पसारा म्हणून खपायचा नाही. नवरा गेल्यावर परेशनं आईला कराडहून आयर्लंडमध्ये ल्यूकनला आणलं, तर घर कसं झकपक, आणि मागची बाग? नुसतं रान! गुडघाभर गवत, कोपऱ्यात कुजक्या पानांचा ढीग. "काय रे हे, माणसं राहतात ना इथं?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं.

पण बाग नातीची होती. नऊ वर्षांच्या केतकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. घरात कुणाला बोलायला फुरसत नाही. ही पोर तेवढी आजीचा हात धरून बागेत न्यायची. उन्हाळाभर तिनं लॅव्हेंडरवरचे गलेलठ्ठ भुंगे दाखवले, फॉक्सग्लोव्हच्या फुलात शिरलेल्या मधमाशीची गुणगुण ऐकवली. संध्याकाळी कुंपणाखालून हेजहॉग यायचा, साळिंदरासारखा पण ओंजळीएवढा. त्याचे काटे बघून शोभनाताईंनी नाव ठेवलं साळू. त्याच्यासाठी पाण्याची बशी भरताना दोघी खुदुखुदु हसायच्या.

ऑक्टोबरात केतकीनं सांगितलं, साळू थंडीभरासाठी झोपला, आता एप्रिलमध्ये उठेल. कुठं झोपला, ते शोभनाताईंनी विचारलं नाही. बिळात असणार, त्यात काय विचारायचं?

मिडटर्मच्या सुट्टीत केतकी आईबरोबर लिमरिकला गेली, मामाकडे भाऊबीजेला. इकडे दिवाळी तोंडावर, आणि मागच्या बागेत तो ढीग! लक्ष्मी यायची तरी कशी? शोभनाताईंनी पदर खोचला आणि सगळी पानं ओल्या कचऱ्याच्या ब्राऊन बिनमध्ये भरली. सकाळी गाडी येऊन बिन रिकामी करून गेली.

चेरीवूडच्या ऑफिसातून परेश घरी यायचा तो अंधारातच. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मागचं दार उघडलं.

"आई, पानं कुठं गेली?"

"टाकली की. का रे?"

"अगं, साळू त्यातच झोपला होता."

शोभनाताईंना आठवलं. पानं भरताना बिनमध्ये काहीतरी जड धपकन पडलं होतं. ओला गठ्ठा असेल, असं त्यांना वाटलं होतं. अगं आई गं, काय केलं मी हे!

"केतकीला सांगू नकोस," परेश म्हणाला. मायलेकांनी रस्त्यावरच्या झाडांखालची पानं पोत्यांत भरून आणली. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, ही जन्माची सवय. पूजेतला झेंडूचा हार शोभनाताईंनी तळाशी ठेवला, हात जोडले आणि वर पानं रचली.

हिवाळाभर केतकी त्या ढिगाजवळून चवड्यांवर चालायची. रॉबिन पक्षी आला, स्नोड्रॉप्सची पांढरी फुलं आली, डॅफोडिल्सनी कुंपण पिवळंधमक झालं. शोभनाताईंना काही बघवत नव्हतं. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडायच्या, पण पोरीनं हात सोडला तर? ह्या देशात त्यांना दुसरं होतं कोण?

एप्रिल सरत आला, साळू आला नाही. शेवटी केतकीनं अलगद पानं बाजूला केली. खाली हार निघाला, काळा पडलेला, लाल दोऱ्यातला. झेंडूचा हार म्हणजे दिवाळीचा; तो तळाशी, म्हणजे वरची पानं त्यानंतरची. साळू तर दिवाळीच्या आधीच झोपला होता.

"आजी, तू साळूला टाकून दिलंस?"

केतकीच्या तोंडून आजीनं ऐकलेलं हे पहिलं अख्खं मराठी वाक्य.

"हो गं बाळा," शोभनाताई म्हणाल्या. केतकी घरात निघून गेली.

जूनमध्ये लॅव्हेंडरवर पुन्हा भुंगे आले. शोभनाताईंनी बागेतून हात हलवून खिडकीतल्या केतकीला बोलावलं. तिनं पडदा ओढून घेतला.