हळदीचा पंजा आणि पाहुण्यांचं गार पाणी

लग्नाच्या आदल्या दिवशी, दिग्रसला आमच्या अंगणात पल्लवीला हळद लागत होती. मे महिना... म्हणून लवकर उरकायचं ठरलं होतं, तरी अकरा वाजलेच. मी दारात उभी होते, हातावर तिची पांढरी साडी, इस्त्रीला द्यायला काढलेली.

आमच्यात लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं, बुद्धमूर्तीसमोर. ही साडी माझीच, साधी सुती, निळ्या काठाची. हीच नेसून मी पल्लवीच्या बाबांशेजारी बसले होते. ते गेल्यापासून पेटीतून काढली नव्हती, पण पोरीनं हट्टच धरला... नेसेन तर हीच.

हळदीच्या वेळी मी मागेच राहिले. कोणी नको म्हटलं नव्हतं हं. त्या रीती आमच्या आजोबांनीच सोडल्या. तरी नवरा गेलेल्या बाईचे पाय दारात थबकतात... सोडलेली रीत अंगातून निघायला वेळ लागतो.

पल्लवी पाटावरून उठली आणि हळदीनं माखलेली सरळ माझ्याकडे आली. "आई, तू काहून मांगं राह्यली?" म्हणत माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि गच्च मिठी मारली. सगळे हसले, मीही हसले. मग मिठी सुटली आणि साडी दिसली... मधोमध पाच बोटांचा पिवळाधम्मक पंजा.

हसणं थांबलं. माझ्या थोरल्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "लावा अजून मायले हळद." हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. पल्लवीचा चेहरा एवढासा झाला.

मला साडीचं तितकं नव्हतं, दुसरी बाजारात मिळाली असती. पण डाग राहिला असता तर तो माझ्या नावावर लागला असता, आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. तिनं पुन्हा कधी मला असं चारचौघांत ओढून घेतलं नसतं... भीती त्याची होती.

बोलल्या त्या जाऊबाई, आणि साडी घेऊन नळाकडे धावल्याही त्याच. कपड्याचा साबण खसाखसा लावला. पण आमचा नळ गच्चीवरच्या टाकीचा... मे महिन्यात त्यातून जे येतं, त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. बघता बघता पिवळा पंजा लालभडक झाला.

"हे तं कुंकू झालं व माय," म्हणत जाऊबाई मटकन खाली बसल्या.

मी शाळेत सातवीपर्यंत गेले. पुढचं सगळं वाचनालयाची पुस्तकं आणून, चुलीजवळ बसून. त्यातच कुठेतरी वाचलं होतं की हळदीला साबण लागला की ती लाल होते, साबण निघाला की परत पिवळी. आणि खरी भिते ती उन्हाला. वाचलं होतं खरं... करून कधी पाहिलं नव्हतं.

पण आधी पाणी थंड हवं आणि भरपूर हवं, गरम पाण्यानं हळद सुतात आणखी मुरते. माझी नजर मांडवात गेली. तिथे पाहुण्यांसाठी गार पाण्याच्या कॅना ओळीनं ठेवलेल्या... मी एक उचलली आणि टबात ओतली.

धाकटे दीर धावत आले. "वहिनी, पाव्हण्याले काय पाजू मंग?" मी म्हटलं, नळाचं पाजा... आणि दुसरी उघडली.

साडी अजिबात चोळली नाही. नुसती बुडवायची, हलवायची, पाणी बदलायचं. लाल उतरून परत पिवळं झालं तेव्हा जीवात जीव आला. मग शाम्पूची एक पुडी गार पाण्यात फेसून त्यात भिजत ठेवली. पिवळं बरंच सुटलं, तरी पाचही बोटं फिकी का होईना, दिसत होती. साडी ओलीच गच्चीवर नेली आणि उन्हात पसरली.

थोड्या वेळानं बघते तर जाऊबाई छत्री घेऊन वर बसलेल्या. साडी वाळायला आली की पाणी शिंपडायच्या, परत बसायच्या.  मी खाली कामाला लागले.

मग एकदम वरून आवाज आला, "करंगळी गेली व!"

अंगणातल्या सगळ्या बाया वर बघायला लागल्या. मग काय... एकेक बोट जायला लागलं आणि जाऊबाई वरून खबर द्यायला लागल्या. मधलं बोट गेलं तेव्हा खाली टाळ्या पडल्या. अंगठ्यानं मात्र फार दम काढला. दीर तर पाहुण्यांना गरम पाणी देता देता सांगत होते, "अंगठा बाकी हाये अजून, घ्या."

ऊन उतरायच्या आत साडी लख्ख झाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या उन्हाला आम्ही रोज शिव्या देतो, त्यानं हे काम केलं. जाऊबाईंनी घडी करून ती माझ्या हातात ठेवली. वर बघितलं नाही, पण म्हणाल्या, "उद्या तूच नेसव तिले... मांगं नको राहू."

दुसऱ्या दिवशी मीच नेसवली. निऱ्या घालताना पल्लवीचे बाबा आठवले. आठवतात तर रोजच... त्या दिवशी आठवले ते हसताना.

आमच्या मांडवात त्या दुपारी नळाचं गरम पाणी पिऊन ज्यांनी तोंड वाकडं केलं नाही, त्या सगळ्या पाहुण्यांचे मनापासून आभार. तुमच्या वाटचं गार पाणी कुठे गेलं, ते आता कळलं असेल...